आकाशगंगेचे फोटो फसतायत? कॅमेरा बदलण्याआधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्रॉप सेन्सरचा २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर, त्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स आणि साधा ट्रायपॉड हाताशी आहे. डिसेंबरअखेर, अमावस्येच्या आसपास, शहरापासून तीसेक किलोमीटरवर जाऊन आकाशगंगेचे फोटो काढायचा प्रयत्न केला. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये बघत आकाश शोधलं, तरी डोळ्यांना आकाशगंगा दिसली नाही. १८ मिमी, एफ/३.५, आयएसओ ३२०० आणि ३० सेकंदांवर काढलेल्या फोटोंत आकाश नारिंगी आणि धुरकट आलं, तारे लांबुडके आणि फुगलेले आले. आता नवा कॅमेरा घ्यावा, ट्रॅकर (आकाशाच्या गतीनं कॅमेरा फिरवणारं उपकरण) घ्यावा की सरळ टेलिस्कोपच घ्यावा?

सध्या यातलं काहीच घेऊ नका. तुमच्या वर्णनात चार वेगवेगळ्या अडचणी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्यातली एकही कॅमेऱ्याची नाही. नवा कॅमेरा घेतलात तर हेच चार दोष जास्त मेगापिक्सेलमध्ये दिसतील, एवढाच फरक.

पहिली अडचण महिन्याची. फोटोंत सगळीकडे दिसणारा आकाशगंगेचा तो फुगीर, काळ्या पट्ट्यांनी चिरलेला भाग म्हणजे तिच्या केंद्राची बाजू. ती धनू आणि वृश्चिक राशींच्या सीमेजवळ आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सूर्य नेमका त्याच दिशेला असतो. म्हणजे केंद्र सूर्याबरोबर उगवतं आणि सूर्याबरोबर मावळतं. तुम्ही कितीही काळोखात गेला असतात तरी ते दिसणं शक्य नव्हतं. उत्तर गोलार्धातल्या बहुतेक ठिकाणांहून फेब्रुवारीअखेरीपासून ते पहाटे दिसायला लागतं, जून-जुलैत मध्यरात्रीच्या आसपास दक्षिणेला सर्वांत उंच येतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच नैर्ऋत्येकडे कललेलं सापडतं. डिसेंबरच्या रात्री जी आकाशगंगा डोक्यावर असते ती सारथी, मिथुन आणि मृगाच्या कडेनं जाते. ती असते केंद्राच्या उलट बाजूची, म्हणजे आपण बाहेरच्या दिशेनं बघत असतो. तो पट्टा फिकट असतो आणि खरोखर अंधाऱ्या जागेवरूनच जाणवतो. स्टेलेरियम हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या, आपलं ठिकाण आणि तारीख टाका आणि निघायच्या आधीच बघून ठेवा की कोणत्या वेळी काय कुठे असेल.

दुसरी अडचण जागेची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण या छंदात सगळ्यात जास्त फरक यानं पडतो.

अमावस्या निवडलीत ते बरोबरच. वद्य दशमीपासून शुद्ध चतुर्थीपर्यंतच्या रात्री कामाच्या. वद्य अष्टमीनंतर चंद्र साधारण मध्यरात्रीनंतर उगवतो, तेव्हा रात्रीचा पहिला भागही वापरता येतो. सूर्य मावळला की लगेच सुरुवात करू नका. तो क्षितिजाखाली १८ अंश गेला की मगच आकाश पूर्ण काळं होतं. विषुववृत्ताजवळ याला सव्वा तास लागतो, उत्तरेला जावं तसा जास्त.

मात्र तीस किलोमीटर हा आकडा एकटा काही सांगत नाही. शहर केवढं आहे आणि तुम्ही त्याच्या कोणत्या बाजूला आहात, हे महत्त्वाचं. मर्ल वॉकर या खगोलशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात शहरांच्या उजेडाची मोजमापं करून एक ढोबळ नियम दिला. शहरामुळे आकाशात पसरणारा उजेड अंतराच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात कमी होतो. अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण साडेपाच पट उतरतो. म्हणून तीसऐवजी साठ किलोमीटर जाणं हे कुठल्याही नव्या लेन्सपेक्षा जास्त उपयोगी.

याचा फोटोवर किती परिणाम होतो तेही बघा. प्रत म्हणजे ताऱ्यांच्या तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा फिकट. आकाश एका प्रतीनं उजळ म्हणजे अडीच पट उजळ, दोन प्रतींनी म्हणजे ६.३ पट. फिकट तेजोमेघाचा सिग्नल आकाशाच्या उजेडाच्या गोंगाटातून वर काढायचा तर एक्सपोजरचा एकूण वेळही त्याच पटीत वाढवावा लागतो. अंधाऱ्या जागी एका तासात जे मिळतं तेच दोन प्रतींनी उजळ आकाशाखाली मिळवायला सहा तासांहून जास्त लागतात. अंगणातूनच फोटो काढणाऱ्यांची चिकाटी मी मानतो, पण नवशिक्यानं त्या वाटेला जाऊ नये.

बाजू निवडताना साधा तर्क लावा. आकाशगंगेचं केंद्र दक्षिणेला दिसणार असेल तर शहराच्या दक्षिणेला जा, म्हणजे शहराचा उजेड पाठीशी राहील. उत्तरेला गेलात तर नेमका शहराच्या उजेडाचा घुमट केंद्राच्या खाली येईल. तुमच्या फोटोंतला नारिंगी रंग तिथूनच आला असणार. थोडा ऑटो व्हाइट बॅलन्सचाही हात असतो, पण रॉ (सेन्सरची कच्ची) फाइल असेल तर तो नंतर दुरुस्त होतो. उजेडाचा घुमट तसा पूर्ण दुरुस्त होत नाही. बाजारात प्रकाशप्रदूषणाचे फिल्टर मिळतात. जुन्या सोडियम दिव्यांचा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात येत असे, तो कापता यायचा. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या वर्णपटात पसरलेला असतो. तो कापायला गेलात तर ताऱ्यांचा आणि दीर्घिकांचा उजेडही कापला जातो. त्या फिल्टरचे पैसे पेट्रोलात घाला.

आकाश किती काळं आहे हे मोजायला उपकरण लागत नाही. २००१मध्ये जॉन बॉर्टल या अनुभवी निरीक्षकानं नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली, १ म्हणजे अस्पर्श काळोख आणि ९ म्हणजे महानगराचा मध्य. प्रकाशप्रदूषणाच्या नकाशांवर ती सापडेल. पण जागेवर उभं राहिल्यावर मी ध्रुवमत्स्य बघतो. त्यात सात मुख्य तारे. ध्रुव आणि दुसऱ्या टोकाचे दोन तारे तिसऱ्या प्रतीपर्यंतचे, ते शहराच्या कडेवरूनही दिसतात. मधले तारे मात्र ४.२ ते ५ प्रतींचे. सातही दिसले तर तुमचं आकाश पाचव्या प्रतीपर्यंत पोहोचतंय, फोटोला सुरुवात करायला हरकत नाही. तीनच दिसले तर गाडी परत सुरू करा. तुमच्या अक्षांशावर ध्रुव क्षितिजाजवळ असेल तर ही कसोटी लावू नका, तिथे हवेचा जाड थरच तारे खाऊन टाकतो.

तिसरी अडचण डोळ्यांची. तुम्ही लिहिलं आहे की मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये बघत बघत आकाश शोधत होतात. मग दिसणार कसं? बाहुली काही सेकंदांत मोठी होते, त्यामुळे आपल्याला वाटतं की अंधाराला डोळे सरावले. खरं काम डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या दंडपेशींत, म्हणजे अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशींत, चालतं. त्यांतलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडानं विरून जातं आणि ते पुन्हा भरायला अर्धा तास, पूर्ण भरायला त्याहूनही जास्त वेळ लागतो. एकदा मोबाइल उघडला की ते पुन्हा पहिल्यापासून. मंद लाल टॉर्च चालते, कारण गडद लाल उजेड दंडपेशींना जवळजवळ जाणवत नाही. पण ‘मंद’ हा शब्द त्यात महत्त्वाचा. अनेक लाल टॉर्च इतक्या प्रखर असतात की त्या असून नसल्यासारख्या. बोटानं झाकून वापरा. कॅमेऱ्याच्या स्क्रीनची ब्राइटनेस सर्वांत खाली आणा आणि गाडीचा आतला दिवा बंद करून ठेवा, दार उघडताच तो पेटतो आणि सगळ्या मंडळींची अर्ध्या तासाची कमाई जाते.

डोळे सरावल्यावरही फिकट गोष्टीकडे थेट बघायचं नसतं. नजरेच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नाहीतच. मध्यापासून १५-२० अंश बाजूला त्या सर्वांत दाट असतात. म्हणून फिकट वस्तूच्या जरा बाजूला नजर ठेवायची आणि लक्ष मात्र वस्तूवर. उजव्या डोळ्यानं बायनॉक्युलर वा टेलिस्कोपमधून बघत असाल तर नजर वस्तूच्या उजवीकडे ठेवा. डावीकडे ठेवलीत तर वस्तू अंधबिंदूवर पडून पार नाहीशी होऊ शकते. सराव करायचा तर देवयानी दीर्घिकेवर करा. शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांच्या आकृतीतलं जे टोक जास्त टोकदार आहे ते बाणासारखं धरून पुढे जा, किंवा पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांच्या चौकोनापासून निघून ताऱ्यांच्या रांगेवरून वळा. एक पुसट, लांबट डाग दिसेल. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची गोष्ट नुसत्या डोळ्यांनी! थेट बघितलात की तो आक्रसतो, नजर बाजूला घेतलीत की पसरतो. हे एकदा जमलं की आकाशगंगेतले काळे पट्टेही दिसायला लागतात.

अपेक्षाही जरा जागेवर आणू या. फोटोतले गुलाबी-निळे रंग डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत. दंडपेशींना रंग कळत नाहीत, आकाशगंगा डोळ्यांना राखाडीच दिसते. कॅमेरा सेकंदामागून सेकंद उजेड साठवतो, डोळा साठवत नाही. त्यात फसवणूक कुणाचीच नाही.

आता चौथी अडचण, लांबुडक्या आणि फुगलेल्या ताऱ्यांची. यामागे वेगवेगळी कारणं असू शकतात आणि ती ओळखायला फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करून बघायचा. मधोमध असलेले सगळे तारे एकाच दिशेला सरळ ताणलेले असतील तर ते पृथ्वीचं फिरणं. सगळ्या ताऱ्यांना एकसारखी वाकडी शेपटी किंवा गाठ असेल तर ट्रायपॉड हलला. मधले तारे गोल आणि कोपऱ्यांतले पंख फुटल्यासारखे असतील तर दोष लेन्सचा आहे, अ‍ॅपर्चर एक-दोन पायऱ्या बंद केलं की बराच कमी होतो. आणि सगळेच तारे गोल पण मोठाले असतील तर फोकस चुकला.

फिरण्याचा हिशेब सोपा आहे. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं (एक अंश म्हणजे ३६०० विकला). तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा. १८ मिमी लेन्समधून तो आकाशातल्या सुमारे ४५ विकला व्यापतो. ३० सेकंदांत तारा ४५० विकला सरकला, म्हणजे दहा पिक्सेल. तो लांबुडका दिसणारच. बरेच जण ५००चा नियम सांगतात: ५०० भागिले फोकल लेंग्थ, क्रॉप सेन्सरला आणखी भागिले दीड. त्यानं तुम्हाला १८ सेकंद मिळतील आणि तारे सहा पिक्सेल सरकतील. हा नियम फिल्मच्या आणि कमी मेगापिक्सेलच्या जमान्यात ठीक होता. त्यापेक्षा एनपीएफ नावाच्या नव्या नियमाचा सोपा अवतार वापरा. एफ क्रमांकाला ३५नं गुणा, पिक्सेलच्या मायक्रॉनना ३०नं गुणा, बेरीज करा आणि फोकल लेंग्थनं भागा. तुमच्यासाठी १२२.५ अधिक ११७ भागिले १८, म्हणजे १३ सेकंद. हा खगोलीय विषुववृत्ताजवळच्या ताऱ्यांचा हिशेब आहे. ध्रुवाकडे तारे हळू सरकतात, तिथे थोडी सूट घेता येते.

फोकससाठी ऑटोफोकस विसरा आणि लेन्सवर अनंताची खूण असेल तर तिच्यावरही विश्वास टाकू नका. मॅन्युअल फोकस, लाइव्ह व्ह्यू, आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा एखादा तारा स्क्रीनवर दहा पट मोठा करून. व्याध घेऊ नका, तो इतका तेजस्वी आहे की स्क्रीनवर पसरतो आणि कमी-जास्त कळत नाही. रिंग केसभर फिरवत जा. ठिपका बारीक होत जाईल, मग पुन्हा फुगायला लागेल. सर्वांत बारीक जागी थांबा. आणखी एक खूण अशी की फोकस नेमका बसला की आजूबाजूला एकही तारा नव्हता तिथे दोन-तीन फिकट तारे अचानक उमटतात. आणि फोकसच्या एका बाजूला ताऱ्याची कड लालसर-जांभळी दिसते, दुसऱ्या बाजूला हिरवट. ती कड नाहीशी होते तिथे थांबायचं. बसला की रिंगवर चिकटपट्टी लावा. किट लेन्समध्ये झूम हलवलं की फोकसही हलतो, तेव्हा आधी झूम ठरवा. रात्र थंड होत गेली की फोकस सरकतो, तासाभरानं पुन्हा बघा.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, कॅमेऱ्याचा पट्टा काढून टाका, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करा आणि बटण बोटानं दाबण्याऐवजी दोन सेकंदांचा टायमर किंवा इंटरव्हॅलोमीटर (ठरावीक वेळानं आपोआप फोटो काढणारा रिमोट) वापरा. रॉ फॉरमॅट. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ स्वतःशी बसून राहतो.

तेरा सेकंदांत फोटो काळपट येईल, म्हणून आयएसओ १२८००वर न्यायचा मोह होईल. आयएसओ वाढवल्यानं सेन्सरवर एकही फोटॉन जास्त पडत नाही, फक्त ताऱ्यांचे रंग जळतात. १६०० किंवा ३२०० पुरे. हिस्टोग्रामचा (फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डाव्या भिंतीपासून सुटलेला असला की झालं. उजेड हवा असेल तर तो वेळातून मिळवा, आणि ट्रॅकर नसताना वेळ मिळतो स्टॅकिंगमधून. शंभर फोटो एकमेकांवर बसवून सरासरी काढली की सिग्नल तोच राहतो आणि गोंगाट दहा पट उतरतो, कारण सुधारणा संख्येच्या वर्गमुळाच्या हिशेबानं होते. म्हणून पहिल्या सोळा फोटोंनी डोळ्यांत भरेल एवढा फरक पडतो, शंभराचे एकशे सोळा केल्यानं काही कळत नाही. मधूनच जाणाऱ्या उपग्रहांच्या रेषांची काळजी करू नका. सिग्मा क्लिपिंग नावाची पद्धत एकाच फोटोत आलेली गोष्ट वगळून टाकते.

खरेदी करायचीच असेल तर माझं मत एकाच वस्तूला: ५० मिमी एफ/१.८ची साधी लेन्स. जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या यादीत ती स्वस्तातली असते. तुमच्या किट लेन्सचं १८ मिमीवरचं प्रकाशाचं तोंड पाच मिलिमीटरचं. ५० मिमी लेन्स एफ/२.५ला बंद केली तरी वीस मिलिमीटर. एकेका ताऱ्याचा पंधरा पट उजेड. आणि डिसेंबरच्या आकाशासाठी तर ती नेमकी आहे, कारण अख्खं मृग नक्षत्र तिच्या चौकटीत बसतं.

ते असं काढा. एनपीएफप्रमाणे इथे चार सेकंद मिळतात. आयएसओ १६००, एफ/२.५, इंटरव्हॅलोमीटरवर ३०० फोटो. म्हणजे वीस मिनिटांचं एक्सपोजर. तेवढ्या वेळात मृग पाच अंश सरकून चौकटीच्या कडेला जाईल, म्हणून दर दहा मिनिटांनी कॅमेरा पुन्हा मध्यावर आणा. संपल्यावर लेन्सला टोपी लावून त्याच सेटिंगवर वीसेक डार्क फ्रेम (सेन्सरचा स्वतःचा गोंगाट वजा करायचे काळे फोटो) घ्या. फोकस न हलवता, त्याच अ‍ॅपर्चरवर, लेन्सवर पांढरं कापड ताणून पहाटेच्या उजेडात वीसेक फ्लॅट फ्रेमही घ्या. वेळ कमी असेल तर डार्क सोडा, फ्लॅट सोडू नका. स्टॅक ताणला की कोपऱ्यांचा काळोख भसकन वर येतो आणि तो फ्लॅटशिवाय नीट निघत नाही. मग सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते फोटो जुळवतं, स्टॅक करतं आणि शहराच्या उजेडाचा उतारही बराचसा काढून टाकतं. विंडोज असेल तर डीपस्कायस्टॅकर, आणि खाली डोंगर-झाडं ठेवून वर आकाशगंगा हवी असेल तर सिक्वेटर.

स्टॅक उघडलात की आधी काळाच दिसेल. घाबरू नका, त्यातली माहिती हिस्टोग्रामच्या डाव्या कडेला दाबलेली असते, ती थोडी थोडी ताणायची. मृगातल्या तलवारीतला तेजोमेघ गुलाबी झालेला दिसेल. त्याच्याभोवतीचं बार्नार्डचं लाल कडं मात्र बहुधा येणार नाही. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल उजेड साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर बराचसा अडवतो. तो दोष तुमचा नाही.

ट्रॅकर घ्या, पण हे सगळं हातात बसल्यावर. ट्रॅकर म्हणजे ध्रुवाशी अक्ष जुळवणं आलं, आणि ध्रुवतारा खऱ्या खगोलीय ध्रुवापासून सुमारे ४० कला, म्हणजे दोन तृतीयांश अंश, बाजूला आहे. अंधारात, थंडीत, मान वाकडी करून हे जुळवताना ज्याला अजून फोकससाठीही झगडावं लागतं त्याचा पहिल्याच रात्री उत्साह मावळतो. टेलिस्कोपमधून फोटो हे त्याच्याही पुढचं. बघण्यासाठी टेलिस्कोप हवा असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सहा-आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या पायावरची आरशाची दुर्बीण) घ्या आणि त्याला कॅमेरा लावायचा विचार करू नका. त्याआधी मात्र एक १०×५०चं बायनॉक्युलर घ्याच. इंटरव्हॅलोमीटर तीनशे फोटो काढत असतो तेव्हा तुम्हाला तसंही काही काम नसतं. पाठ टेकून कृत्तिका बघा.

शेवटचं, दवाचं. रात्री तासाभरानं लेन्सवर दव धरतं आणि अंधारात ते कळत नाही, घरी आल्यावर निम्मे फोटो धुरकट निघतात. तुमच्या धुरकटपणातला काही भाग हाही असू शकतो, म्हणून फोटो क्रमानं बघा: सुरुवातीचे स्वच्छ आणि नंतरचे धूसर असतील तर दवच. लेन्सला हूड लावा, पॉवर बँकेवर चालणारी तापपट्टी समोरच्या काचेजवळ गुंडाळा आणि ती दव पडायच्या आधी सुरू करा. पडल्यावर कापडानं पुसू नका. परतताना थंड कॅमेरा बॅगेत बंद करूनच घरात आणा आणि बॅग सकाळपर्यंत उघडू नका. मेमरी कार्ड मात्र बाहेरच काढून घ्या, नाहीतर रात्रभर झोप लागत नाही.